लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी सापडत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून, शिवाजी विद्यापीठाकडच्या मुलामुलींकडून, राजारामपुरीतल्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांतून आणि इचलकरंजीहून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक जण टर्मिनलचा फोटो पाठवतात आणि खाली "हे काय म्हणतंय?" एवढंच लिहितात. खरं तर निम्मं उत्तर त्या फोटोतच असतं. संदेश शेवटपर्यंत वाचायची सवय लागावी म्हणूनच हे पान लिहिलं आहे.

आज्ञा आणि फाईलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

१. प्रोग्राम चालू केला की "एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज" असं येतं आणि लगेच बंद पडतो. नक्की काय झालंय?

प्रोग्राम स्वतःजवळ सगळा कोड बाळगत नाही. एन्क्रिप्शन, चित्रं दाखवणं, फाईल दाबून लहान करणं असली कामं तो वेगळ्या फाईलींकडून करून घेतो. त्या फाईलींच्या नावात ‘.एसओ’ असतं आणि त्यांनाच शेअर्ड लायब्ररी म्हणतात. तुम्ही प्रोग्राम सुरू करता तेव्हा आधी लोडर नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो, लागणाऱ्या लायब्ररींची यादी वाचतो आणि त्या एकेक शोधून मेमरीत आणतो. ६४ बिटच्या नेहमीच्या पीसीवर या लोडरचं नाव ‘एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२’. यादीतली एक जरी मिळाली नाही तरी तो तिथेच थांबतो, तुमच्या प्रोग्रामची पहिली ओळसुद्धा चालत नाही.

संदेशात तीन गोष्टी असतात: कोण मागतंय, कुठली फाईल मागतंय आणि का मिळाली नाही. तिसरी गोष्ट लोक वाचत नाहीत. "नो सच फाईल" म्हणजे फाईल सापडली नाही. "परमिशन डिनाइड" म्हणजे फाईल आहे, पण तुम्हाला ती वाचायची परवानगी नाही. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

२. विंडोजवर असलं काही होत नव्हतं. लिनक्सवरच का?

विंडोजवरही होतं, तिथे ‘डीएलएल मिसिंग’ म्हणून येतं. फरक एवढाच की तिथले बरेच प्रोग्राम आपल्या लायब्ररी बरोबर घेऊन येतात. लिनक्सवर एकच प्रत सगळे प्रोग्राम मिळून वापरतात. त्यामुळे एखाद्या लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी निघाली की एक अपडेट सगळ्यांना पुरतं. त्या बदल्यात आवृत्त्यांचा मेळ सांभाळावा लागतो, आणि तो पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर टाकणारा-काढणारा प्रोग्राम, उदा. एपीटी) सांभाळतो. त्याला वगळून बाहेरून फाईल आणून टाकली की हे पान वाचायची वेळ येते.

३. एक लायब्ररी टाकली की दुसरी मागतंय, दुसरी टाकली की तिसरी. सगळी यादी एकदम कशी कळेल?

‘एलडीडी’ ही आज्ञा वापरा:

एलडीडी ./प्रोग्राम | ग्रेप "नॉट फाउंड"

जेवढ्या ओळी येतील तेवढ्या लायब्ररी कमी आहेत. काहीच आलं नाही आणि तरी प्रोग्राम बंद पडत असेल तर प्रश्न १८ पहा.

एक काळजी घ्या. अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाईलवर एलडीडी चालवू नका, कारण काही परिस्थितीत ती फाईल खरोखर चालवली जाऊ शकते. अशा वेळी ‘रीडईएलएफ -डी’ किंवा ‘ऑब्जडम्प -पी’ वापरा आणि ‘नीडेड’ लिहिलेल्या ओळी बघा. त्या नुसती फाईल वाचतात. मात्र त्यांत प्रोग्रामनं थेट मागितलेल्या लायब्ररीच दिसतात. त्या लायब्ररींना आणखी काय लागतं ते दिसत नाही.

४. फाईलचं नाव कळलं, पण त्या नावाचं पॅकेजच नाही. काय इन्स्टॉल करायचं?

फाईलचं नाव आणि पॅकेजचं नाव वेगळं असतं. फाईल ‘लिबजीएल.एसओ.१’ (यात जी आणि एल मोठे) आणि पॅकेज ‘लिबजीएल१’, असा साधारण मेळ असतो. पण अंदाजापेक्षा विचारलेलं बरं. उबुंटू, डेबियन, मिंटवर ‘एपीटी-फाईल’ टाकून घ्या, ‘एपीटी-फाईल अपडेट’ करा आणि ‘एपीटी-फाईल सर्च लिबजीएल.एसओ.१’ असं विचारा. फेडोरा, रॉकी, अल्मावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ आणि पुढे अवतरणात तारा, स्लॅश व फाईलचं नाव. आर्चवर ‘पॅकमॅन -एफ’, यात एफ मोठा.

शोधात ‘-डेव्ह’ किंवा ‘-डेव्हेल’ शेवट असलेली पॅकेजंही येतील. ती प्रोग्राम कंपाइल करणाऱ्यांसाठी (सोर्स कोडपासून बनवणाऱ्यांसाठी) असतात. नुसता चालवायचा असेल तर गरज नाही. उलट "कॅनॉट फाइंड -एल" असा संदेश कंपाइल करताना आला असेल तर मात्र डेव्हच लागेल, कारण नंबर नसलेली ‘.एसओ’ ही लिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारं नाव) त्यातच असते.

आणि डेब फाईल (उबुंटू-डेबियनचं पॅकेज) ‘डीपीकेजी -आय’नं टाकली असेल, तर डीपीकेजी अवलंबित पॅकेजं आणून देत नाही. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ./फाईल.डेब’ असं करा (‘सुडो’ म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं चालवणं). ‘./’ विसरू नका, नाहीतर एपीटी ते पॅकेजचं नाव समजतं.

५. गुगलवर शोधलं तर ती .एसओ फाईल एका साइटवर डाउनलोडला मिळाली. यूएसआर-लिबमध्ये टाकू का?

नको. ती फाईल तुमच्या प्रोग्रामच्या आत, तुमच्याच अधिकारांनी चालणार आहे. कुणी बनवली, काय घातलं, कुठल्या सिस्टिमवर कंपाइल केली, यातलं काही माहीत नसताना ती सिस्टिमच्या फोल्डरात ठेवणं म्हणजे मशीन परक्याच्या हाती देणं. शिवाय पॅकेज मॅनेजरला तिची नोंद नसल्यानं पुढच्या अपडेटला गोंधळ होतो. फाईल शोधू नका, ती देणारं पॅकेज शोधा.

६. प्रोग्राम लिबएसएसएल.एसओ.१.१ मागतोय, माझ्याकडे लिबएसएसएल.एसओ.३ आहे. लिंक मारली तर चालतंय का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. चालत नाही.

उद्यमनगरातल्या (कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागातल्या) माणसाला हे लगेच कळेल. ६२०५ आणि ६२०६ ही दोन्ही बेअरिंगच, दिसायला सारखी. पण ६२०५ चा आतला व्यास २५ मिलिमीटर आणि ६२०६ चा ३०. शाफ्टवर नंबर बघूनच बेअरिंग बसतं, डब्यावरचं लेबल बदलून नाही. लायब्ररीच्या नावातला शेवटचा आकडा हा असाच नंबर आहे. आतली रचना जुन्या प्रोग्रामांना न चालणारी झाली, की बनवणारे तो आकडा बदलतात. तो आकडाच तुम्हाला सांगत असतो की ही दुसरी वस्तू आहे.

लिबएसएसएल ज्यातली आहे त्या ओपनएसएसएलमध्ये (एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर) तर आत प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्काही असतो. लिंक मारलीत तर "फाईल नाही"ऐवजी "व्हर्जन ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड" असं येईल. हे त्यातल्या त्यात बरं, निदान लगेच कळतं. ज्या लायब्ररींवर असा शिक्का नसतो तिथे प्रोग्राम सुरू होतो आणि कामाच्या मध्यात कोसळतो, किंवा चुकीची उत्तरं देतो. ते जास्त घातक.

मग करायचं काय? उबुंटू २०.०४ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ होतं, २२.०४ पासून ३ आलं आणि जुनं भांडारातून गेलं. पहिला प्रयत्न म्हणजे प्रोग्राम देणाऱ्याकडे नवी आवृत्ती मागणं. ती नसेल तर प्रोग्राम उबुंटू २०.०४ च्या कंटेनरमध्ये (तुमच्या सिस्टिमच्या आत वेगळी ठेवलेली छोटी सिस्टिम) चालवा. त्याला हवं ते सगळं आत मिळतं आणि तुमची सिस्टिम स्वच्छ राहते. तेही जमत नसेल तर जुन्या अधिकृत पॅकेजातून लायब्ररी काढून त्या प्रोग्रामच्याच फोल्डरात ठेवा आणि फक्त त्या प्रोग्रामला तिथला रस्ता दाखवा (प्रश्न ९). ओपनएसएसएल १.१.१ ची सार्वजनिक देखभाल ११ सप्टेंबर २०२३ ला थांबली आहे. म्हणून बाहेरच्या नेटवर्कशी बोलणाऱ्या प्रोग्रामला ते देताना विचार करा.

‘लिबटीइन्फो.एसओ.५’चं असंच. उबुंटू २२.०४ मध्ये त्याचं पॅकेज होतं, २४.०४ मध्ये नाही. इलेक्ट्रॉनिक्सची मुलं जुनी एफपीजीए टूल्स टाकताना इथे अडकतात.

७. पण उबुंटू २४.०४ वर लिबएआयओसाठी लिंकच मारा असं सगळीकडे सांगतात. मग प्रश्न ६ चं उत्तर चूक का?

हा खरा अपवाद आहे. लिबएआयओ ही डिस्कवर वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी. १९ जानेवारी २०३८ ला जुनी ३२ बिटची वेळमोजणी भरून जाणार, म्हणून डेबियन आणि उबुंटूनं बऱ्याच पॅकेजांच्या नावापुढे ‘टी६४’ जोडलं. बहुतेकांत फक्त पॅकेजचं नाव बदललं, आतली फाईल तीच. लिबएआयओमध्ये मात्र फाईलचंही नाव ‘लिबएआयओ.एसओ.१टी६४’ झालं. नेहमीच्या ६४ बिट पीसीवर वेळ आधीपासून ६४ बिटांतच मोजली जात होती, त्यामुळे आत काही बदललेलं नाही. म्हणून ‘लिबएआयओ१टी६४’ टाकून जुन्या नावाची लिंक केली तर डेटाबेसचे क्लायंट नीट चालतात. इथे वस्तू तीच आहे, नाव तेवढं बदललंय. हे प्रत्येक लायब्ररीला लावू नका.

८. लायब्ररी मी स्वतः कंपाइल करून टाकली. /यूएसआर/लोकल/लिबमध्ये डोळ्यांना दिसतेय, तरी प्रोग्राम म्हणतो नाही. का?

कारण लोडर डिस्कभर शोधत फिरत नाही. त्याचा ठरलेला क्रम असतो: आधी प्रोग्राममध्येच कोरलेला ‘आरपाथ’ (‘रनपाथ’ही असेल तर आरपाथ धरत नाहीत), मग ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (टर्मिनलमधून प्रोग्रामला मिळणारी सेटिंग), मग ‘रनपाथ’, मग ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॅश’ ही तयार यादी आणि शेवटी ‘/लिब’, ‘/यूएसआर/लिब’सारखे मूळ फोल्डर. तुमची फाईल नवी आहे, ती त्या तयार यादीत नाही.

यादी नव्यानं बनवायची आज्ञा ‘सुडो एलडीकॉन्फिग’. उबुंटू आणि डेबियनवर ‘/यूएसआर/लोकल/लिब’ आधीच नोंदलेला असतो, त्यामुळे एवढ्यावर काम होतं. रेड हॅट घराण्यात तो बहुधा नसतो. तिथे, किंवा ‘/ऑप्ट’मधल्या फोल्डरसाठी, ‘/ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी’मध्ये ‘.कॉन्फ’ शेवटाची एक फाईल करा, तिच्यात फोल्डरचा पूर्ण रस्ता एका ओळीत लिहा आणि मग एलडीकॉन्फिग चालवा. नोंद झाली का ते ‘एलडीकॉन्फिग -पी’ला ग्रेप जोडून बघा. डेबियनवर साध्या युजरला "कमांड नॉट फाउंड" आलं तर घाबरू नका. ती ‘/यूएसआर/एसबिन’मध्ये असते, पूर्ण रस्ता द्या.

९. एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीमध्ये कायमचं लिहून ठेवू का? सगळे तसंच करतात.

एका प्रोग्रामसाठी, एका वेळेपुरतं वापरायला ते उत्तम आहे. बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाईल) कायमचं लिहून ठेवू नका. ते तुमच्या टर्मिनलमधून सुटणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होतं. एका सिम्युलेशन पॅकेजच्या फोल्डरात जुनं ‘लिबक्रिप्टो’ असतं आणि दुसऱ्या दिवशी ‘कर्ल’ किंवा ‘गिट’ बंद पडतं. दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. एखादा प्रोग्राम अचानक बिघडला तर ‘अनसेट’ करून बघा, बरेचदा तिथेच सुटतं.

त्याऐवजी चार ओळींची शेल स्क्रिप्ट करा: तिच्यात हे व्हेरिएबल द्या आणि खाली ‘एक्झेक’नं प्रोग्राम सुरू करा. (व्हेरिएबलचं नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत.) रस्ता जोडताना शेवटी रिकामा कोलन राहू देऊ नका. रिकाम्या जागेचा अर्थ ‘आत्ता उभे आहोत तो फोल्डर’ असा होतो. डाउनलोडच्या फोल्डरात उभं असताना तिथली कुठलीही लायब्ररी उचलली जाऊ शकते.

१०. टर्मिनलवर चालतं. सुडोनं किंवा मशीन चालू होताना सर्व्हिस म्हणून चालवलं की लायब्ररी सापडत नाही.

याची तीन वेगळी कारणं आहेत.

सुडो स्वतः सेटयूआयडी प्रोग्राम आहे, म्हणजे कुणीही चालवला तरी फाईलच्या मालकाच्या अधिकारानं चालणारा. अशा प्रोग्रामला सुरक्षेसाठी एलडी_लायब्ररी_पाथ दिलंच जात नाही. ते आधीच गळून पडतं. ‘सुडो एनव्ही’ आणि पुढे व्हेरिएबल व प्रोग्राम असं लिहिलं तर ते पलीकडे पोचतं.

सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू करणारा) आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) तुमची बॅशआरसी वाचत नाहीत. सर्व्हिसच्या फाईलमध्ये ‘एन्व्हायर्न्मेंट=’ ही ओळ घाला, किंवा प्रश्न ८ प्रमाणे फोल्डरची कायमची नोंद करा. कारखान्यात लाईट गेल्यावर मशीन परत चालू होतं तेव्हा समोर कुणी नसतं, म्हणून मी दुसरा मार्ग सुचवतो.

तिसरं कारण शोधायला सगळ्यांत अवघड. मशीनचा डेटा गोळा करणारे काही प्रोग्राम मॉडबसचा (यंत्रांशी बोलायची पद्धत) ५०२ पोर्ट उघडतात. १०२४ खालचा पोर्ट साध्या युजरला मिळत नाही, म्हणून कुणीतरी ‘सेटकॅप’ची (प्रोग्रामला खास अधिकार देणारी) आज्ञा देतं. त्या क्षणापासून लोडर त्या प्रोग्रामला सेटयूआयडीसारखाच वागवतो: एलडी_लायब्ररी_पाथ बंद, आणि ‘$ओरिजिन’नं दाखवलेला रस्ताही (प्रश्न १९) सहसा बंद. काल चालत होतं, आज नाही, आणि मध्ये फक्त पोर्टची परवानगी दिली, असं असेल तर हेच कारण. उपाय पुन्हा प्रश्न ८ चाच.

११. फाईल समोर आहे, एलएसला दिसते, परवानगी आहे. तरी चालवली की "नो सच फाईल ऑर डिरेक्टरी". हे कसं काय ओ?

नसलेली फाईल म्हणजे तुमचा प्रोग्राम नव्हे, त्याचा लोडर. प्रत्येक प्रोग्राममध्ये आपल्या लोडरचा पूर्ण रस्ता लिहिलेला असतो. तो लोडर मशीनवर नसेल तर कर्नल हाच संदेश देतो आणि माणूस चक्रावतो.

‘फाईल ./प्रोग्राम’ असं विचारा. "३२-बिट" आलं तर जुना प्रोग्राम ६४ बिटच्या सिस्टिमवर चालवताय. जुनी लायसन्स तपासणारी आणि कंट्रोलरशी बोलणारी साधनं बरीचशी अशीच असतात. उबुंटूवर ‘सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६’, मग ‘एपीटी अपडेट’, मग ‘एपीटी इन्स्टॉल लिबसी६:आय३८६’. त्यापुढच्या लायब्ररीही ‘:आय३८६’ लावूनच घ्यायच्या.

"इंटरप्रिटर"मध्ये एलडी-लिनक्स दिसतंय आणि तुम्ही अल्पाइनच्या कंटेनरात आहात? अल्पाइन ग्लिबसी (बहुतेक लिनक्सची मूळ सी लायब्ररी) वापरत नाही, तिच्याऐवजी मसल वापरतं. ‘जीकॉम्पॅट’नं काही प्रोग्राम चालतात, पण डेबियन-स्लिमवर गेलेलं जास्त खात्रीचं. आणि फाईल शेल स्क्रिप्ट असेल तर ती विंडोजवर सेव्ह झाली होती का ते बघा. पहिल्या ओळीच्या शेवटी राहिलेलं अदृश्य अक्षरही हाच संदेश आणतं.

१२. "राँग ईएलएफ क्लास" म्हणजे?

ईएलएफ हा लिनक्सवरच्या प्रोग्राम आणि लायब्ररींच्या फाईलींचा साचा. इथे ३२ बिटच्या प्रोग्रामला ६४ बिटची लायब्ररी मिळाली, किंवा उलट. बहुतेक वेळा एलडी_लायब्ररी_पाथमध्ये चुकीचा फोल्डर असतो. तो काढा आणि योग्य प्रकारची लायब्ररी प्रश्न ११ प्रमाणे टाका.

१३. "ग्लिबसी_२.३४ नॉट फाउंड" येतंय. ग्लिबसी नवीन टाकू का?

नका टाकू, हात जोडून सांगतो. ग्लिबसीवर ‘एलएस’पासून सुडोपर्यंत सगळं उभं आहे. ती हातानं बदलली की मशीन परत उभं राहणं अवघड (प्रश्न २१).

ही लायब्ररी हरवलेली नाही, जुनी आहे. प्रोग्राम नव्या सिस्टिमवर कंपाइल झालाय आणि तुमची त्याहून जुनी आहे. सेंटओएस ७ मध्ये ग्लिबसी २.१७, रेड हॅट ८ मध्ये २.२८, उबुंटू २०.०४ मध्ये २.३१, रेड हॅट ९ मध्ये २.३४, उबुंटू २२.०४ मध्ये २.३५, डेबियन १२ मध्ये २.३६ आणि उबुंटू २४.०४ मध्ये २.३९. २.३४ हाच आकडा वारंवार दिसतो, कारण २०२१ च्या त्या आवृत्तीत प्रोग्राम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनलाच नवा शिक्का मिळाला. त्यामुळे त्यानंतरच्या सिस्टिमवर बनलेला साध्यात साधा प्रोग्रामही तो मागतो.

जुन्या सिस्टिमवर बनलेला प्रोग्राम नव्यावर चालतो, उलटं होत नाही. तेव्हा सिस्टिम अपग्रेड करा, कंटेनर वापरा, किंवा सोर्स असेल तर तुमच्याच मशीनवर कंपाइल करा. तुम्ही स्वतः प्रोग्राम बनवून गिऱ्हाइकांना देत असाल तर सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाकडे जी सिस्टिम आहे तिच्यावर बिल्ड करा.

१४. "जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३० नॉट फाउंड". सिस्टिम तर नवीन आहे.

पायथनसाठी कॉन्डा (पॅकेजं टाकणारं साधन) वापरताय का? कॉन्डा आपली ‘लिबएसटीडीसी++’ (सी++ ची मूळ लायब्ररी, हा शिक्का तिचाच) बरोबर आणतं आणि ती सिस्टिमच्या आधी उचलली जाते. ३.४.३० हा शिक्का जीसीसी १२ बरोबर आला. उबुंटू २२.०४ च्या सिस्टिममध्ये तो आहे, पण कॉन्डाच्या जुन्या वातावरणात नसतो. त्या वातावरणात कॉन्डा-फोर्जवरून ‘लिबएसटीडीसीएक्सएक्स-एनजी’ अपडेट करा. फाईल पुसून सिस्टिमच्या फाईलला लिंक मारायचा सल्ला मिळेल; पुढच्या कॉन्डा अपडेटला ते मोडतं.

१५. कॉलेजच्या सर्व्हरवर ओपनसीव्ही इम्पोर्ट केलं की लिबजीएल.एसओ.१ मागतंय. माझ्याकडे सुडो नाही.

सर्व्हरला स्क्रीन नाही, म्हणून ग्राफिक्सची लायब्ररी टाकलेली नाही. तुम्हाला खिडकी उघडून चित्र दाखवायचं नसेल तर ‘ओपनसीव्ही-पायथन’ काढून ‘ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस’ टाका. आधी काढणं महत्त्वाचं, दोन्ही एकत्र ठेवू नयेत.

दुसऱ्या एखाद्या लायब्ररीसाठी असंच अडलं तर ‘एपीटी डाउनलोड’नं पॅकेज आपल्या फोल्डरात उतरवा, ‘डीपीकेजी -एक्स’नं घरच्या फोल्डरात उलगडा आणि प्रश्न ९ मधली स्क्रिप्ट वापरा. सुडो लागत नाही. तरी आधी लॅबच्या सरांना किंवा मॅडमना विचारा; त्यांनी एकदा टाकलं की सगळ्या वर्गाचं काम होतं.

१६. ॲपइमेज डबल क्लिक केलं की काहीच होत नाही.

ॲपइमेज म्हणजे एकाच फाईलीत आलेला प्रोग्राम. टर्मिनलवरून चालवा, ‘लिबफ्यूज.एसओ.२’ मागताना दिसेल. उबुंटू २२.०४ वर ‘लिबफ्यूज२’ टाका, २४.०४ वर ‘लिबफ्यूज२टी६४’. २२.०४ वर नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज टाकू नका. ते ‘फ्यूज३’ काढून डेस्कटॉपचे भाग बरोबर नेऊ शकतं. काहीच टाकायचं नसेल तर ‘--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट-अँड-रन’ हा पर्याय जोडून चालवा.

१७. मित्राकडून पेनड्राइव्हवर आख्खं फोल्डर आणलं. आता "फाईल टू शॉर्ट" किंवा "इनव्हॅलिड ईएलएफ हेडर" येतंय.

लायब्ररीच्या फोल्डरात खऱ्या फाईलींबरोबर लिंकही असतात. पेनड्राइव्हच्या फॅट पद्धतीत लिंक साठवता येत नाही. विंडोजवर झिप उलगडली तर लिंकच्या जागी वीस-पंचवीस अक्षरांची मजकुराची फाईल उरते. लोडरला ती ६४ बाइटांच्या हेडरपेक्षाही लहान दिसते, म्हणून "टू शॉर्ट". मूळ मशीनवर ‘टार’नं एकच फाईल करा, ती आणा आणि लिनक्सवरच उलगडा.

"इनव्हॅलिड ईएलएफ हेडर" म्हणजे फाईल लायब्ररी नव्हेच. डाउनलोड करताना वेबपेजच त्या नावानं सेव्ह झालेलं असतं. ‘फाईल’ ही आज्ञा लगेच सांगेल.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर शून्य बाइटांची लायब्ररीही मागे राहू शकते. ‘डीपीकेजी -एस’ (एस मोठा) आणि फाईलचा रस्ता देऊन ती कुठल्या पॅकेजची ते काढा, मग ‘एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’.

१८. एलडीडी सगळं ठीक दाखवतं. तरी प्रोग्राम लायब्ररी नाही म्हणून मरतो.

काही लायब्ररी सुरुवातीच्या यादीत नसतात. प्रोग्राम चालू झाल्यावर गरज पडेल तेव्हा त्या मागतो: प्लगइन, डेटाबेसचे ड्रायव्हर, पायथनचे मॉड्यूल. त्या एलडीडीला दिसणं शक्य नाही. अशा वेळी

एलडी_डीबग=लिब्ज ./प्रोग्राम

असं चालवा (एलडी_डीबग मोठ्या अक्षरांत, लिब्ज लहान). लोडर कुठली फाईल कुठकुठल्या फोल्डरात शोधतोय ते ओळीनं छापेल. मजकूर खूप येतो, फाईलमध्ये साठवून शेवटाकडून वाचा. माझ्या मते या सगळ्या पानावरचं सर्वांत उपयोगी साधन हेच आहे, आणि फार कमी लोक ते वापरतात.

नेहमीचं उदाहरण क्यूटीचं (खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी). "एक्ससीबी प्लॅटफॉर्म प्लगइन लोड झालं नाही" असं येतं आणि लोक क्यूटी पुन्हा पुन्हा टाकतात. प्लगइन जागेवर असतं. त्या प्लगइनला लागणारी लायब्ररी नसते. क्यूटी ६.५ पासून ‘लिबएक्ससीबी-कर्सर०’ लागतं. एलडीडी प्रोग्रामवर न चालवता त्या प्लगइनच्या .एसओ फाईलवर चालवा, लगेच दिसेल.

१९. मी बनवलेला प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या मशीनवर लायब्ररीसकट द्यायचाय. एलडी_लायब्ररी_पाथ न सांगता कसं जमेल?

लिंक करताना रनपाथमध्ये ‘$ओरिजिन/लिब’ कोरा (ओरिजिन मोठ्या अक्षरांत). त्याचा अर्थ ‘प्रोग्राम आहे तिथल्या लिब फोल्डरात बघ’. मग फोल्डर कुठेही हलवा. आज्ञा देताना तो भाग एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेल त्याला व्हेरिएबल समजून पुसून टाकतं. तयार प्रोग्रामवर ‘पॅचईएलएफ --सेट-आरपाथ’नं हेच करता येतं.

रनपाथ फक्त थेट मागितलेल्या लायब्ररींना लागू होतो. त्या लायब्ररींनी मागितलेल्या पुढच्या लायब्ररींसाठी तो बघितला जात नाही. म्हणून प्रत्येक बरोबर दिलेल्या .एसओ फाईललाही तिचा रनपाथ ‘$ओरिजिन’ असा द्या. ग्लिबसी मात्र बरोबर देऊ नका. प्रश्न १३ प्रमाणे जुन्या सिस्टिमवर बिल्ड करा.

२०. कारखान्यातल्या पीसीला इंटरनेट नाही. लायब्ररी कशी टाकायची?

त्याच पीसीवर ‘एपीटी-गेट --प्रिंट-यूआरआयज इन्स्टॉल’ आणि पॅकेजचं नाव द्या. लागणाऱ्या सगळ्या डेब फाईलींचे पत्ते छापले जातील, अवलंबित पॅकेजांसकट. ते दुसऱ्या मशीनवर उतरवा, पेनड्राइव्हवर आणा, एका फोल्डरात ठेवून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ./*.डेब’. डेब फाईलींना फॅटमुळे काही होत नाही. पॅकेजांची यादी फार जुनी असेल तर काही पत्ते मिळणार नाहीत. तेव्हा त्याच उबुंटू आवृत्तीचं दुसरं मशीन वापरा.

२१. मी लिबसी.एसओ.६ हलवली. आता एलएससुद्धा चालत नाही. काय करू?

लिबसी.एसओ.६ हीच ग्लिबसीची फाईल. पहिली गोष्ट, उघडं टर्मिनल बंद करू नका आणि मशीन रीस्टार्ट करू नका. चालू असलेल्या शेलकडे लायब्ररी आधीच मेमरीत आहे. ‘सीडी’ आणि ‘एको’ चालतील, कारण ते शेलच्या आतच असतात. ‘एको *’नं फाईलींची यादीही दिसते. एलडी_लायब्ररी_पाथ बदलल्यामुळे हे झालं असेल तर ‘अनसेट’ पुरेसं आहे.

फाईल खरोखर हलवली असेल आणि टर्मिनल रूट (ॲडमिन) युजरचं असेल, तर लोडरलाच थेट हाक मारता येते. ‘/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२ --लायब्ररी-पाथ’, पुढे लायब्ररी आत्ता जिथे आहे तो फोल्डर, पुढे ‘/बिन/एमव्ही’ आणि जुनी व नवी जागा. स्टॅटिक बिझीबॉक्स मशीनवर असेल तर त्याचा ‘एमव्ही’ही चालतो, कारण त्याला कुठलीच लायब्ररी लागत नाही. साध्या युजरच्या टर्मिनलमधून मात्र यातलं काही जमत नाही, कारण सुडोच चालत नाही.

तसं असेल तर लाइव्ह यूएसबीवरून मशीन सुरू करा, हार्डडिस्कचं मूळ पार्टिशन माउंट करा आणि फाईल जागेवर ठेवा. फाईल पुसलीच असेल तर त्याच आवृत्तीच्या ‘लिबसी६’ पॅकेजातून ‘डीपीकेजी -एक्स’नं काढून घ्या. मग रीस्टार्ट, आणि सुरू झाल्यावर ‘एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल लिबसी६’.